एक टक्का पुडीने पाण्याची उष्णतावाहकता २२ टक्के वाढली, मग ती वाढ गेली कुठे?

उष्णप्रदेशी | ४ मे, रात्री १०:२०

मी नागपुरात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात उष्णतावहन शिकवतो. यंदा शेवटच्या वर्षाच्या चार जणांनी प्रकल्पासाठी नॅनोद्रव घेतला. पाण्यात अ‍ॅल्युमिनाची अतिबारीक पूड मिसळायची (अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड; कण साधारण ५० नॅनोमीटरचे, नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आणि पाण्याची उष्णतावाहकता किती वाढते ते मोजायचं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मुलं धावतच माझ्या खोलीत आली. घनफळाने एक टक्का पूड आणि वाढ २२ टक्के! अहवालाचा मसुदासुद्धा तयार होता.

आकडा बघून मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण रात्री झोप लागेना. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८७३ मध्ये मांडलेलं सूत्र साधं आहे: द्रवात विखुरलेले गोल कण कितीही उत्तम वाहक असले, तरी मिश्रणाची वाहकता कणांच्या घनफळाच्या साधारण तिप्पटच वाढते. एक टक्का पूड म्हणजे फार तर तीन टक्के वाढ. मग २२ कुठून आले?

मोजणी तापल्या तारेच्या पद्धतीने होती. द्रवात केसाहून बारीक, लेप दिलेली प्लॅटिनमची तार उभी ताणायची, तिच्यातून ठरावीक वीजप्रवाह सोडायचा आणि तार किती झपाट्याने तापते ते नोंदवायचं. द्रव उष्णता चांगली वाहून नेत असेल तर तार हळू तापते. तापमान आणि काळाचा लॉगरिदम यांचा आलेख काढला की सरळ रेषा मिळते आणि तिच्या चढावरून वाहकता निघते. चढ जितका कमी, वाहकता तितकी जास्त.

दुसऱ्या दिवशी मी काही विचारायच्या आत गटातली एक मुलगी म्हणाली, "सर, साधं पाणी आपण या तारेवर कधी मोजलंच नाही. पुस्तकातला आकडा घेतला."

तिथेच गाठ सुटली. पुस्तकातला आकडा होता २० अंशांवरचा, ०.५९८ वॅट प्रति मीटर-केल्विन. आमची प्रयोगशाळा दुपारी ४१ अंशांवर. त्या तापमानाला शुद्ध पाणीच ०.६३ च्या आसपास असतं. आम्ही त्याच दुपारी, त्याच तारेवर साधं डिस्टिल्ड वॉटर मोजलं तर उत्तर आलं ०.७०. नॅनोद्रवाचं होतं ०.७३. म्हणजे नुसतं पाणीच खोटं बोलत होतं.

का, ते शोधायला दोन दिवस गेले. मुलांनी २० सेकंदांपर्यंतची सगळी टिंबं एकाच रेषेत बसवली होती. पडद्यावर आलेख मोठा करून पाहिला तर पाचव्या सेकंदानंतर रेषा खाली वाकत होती. तारेभोवतालचं तापलेलं पाणी वर सरकायला लागतं, थंड पाणी त्याची जागा घेतं आणि तार जरा थंडच राहते. चढ कमी होतो, वाहकता फुगते. त्यात भर म्हणजे खिडकीतला कूलर. तो सुरू झाला की टेबल थरथरायचं. बीकरमधल्या पाण्यावर बोट टेकवलं तर ती थरथर जाणवत होती.

मग आम्ही सकाळी सहाला प्रयोगशाळा उघडली. कूलर बंद, पंखा बंद, नमुना रात्रभर तिथेच ठेवलेला, तापमान ३० अंश, फक्त पहिल्या तीन सेकंदांची नोंद. पाणी आलं ०.६१५, पुस्तकाशी तंतोतंत. नॅनोद्रव ०.६३३.

वाढ तीन टक्क्यांना जराशी कमी. मॅक्सवेलने सांगितली तेवढीच.

मुलं हिरमुसली आहेत. मला मात्र वाटतं की हा प्रकल्प आत्ता कुठे सुरू झाला. या विषयात काम केलेल्यांनी लिहावं, म्हणून धागा काढला.

---

वैनगंगा | ४ मे, रात्री ११:०५

लिहिलंय छान, पण मी वाणिज्य शाखेची. पाण्यात पूड टाकून वाहकता वाढेल असं मुळात कुणाला आणि का वाटलं?

---

उष्णप्रदेशी | ५ मे, सकाळी ७:१५

ताई, उष्णता वाहून न्यायला आपण द्रव वापरतो कारण तो पाइपातून फिरवता येतो. पण वाहक म्हणून द्रव गरीबच. पाण्याची वाहकता ०.६, गाडीच्या कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलची ०.२५, तेलांची त्याहून कमी. उलट तांब्याची ४०० च्या घरात. तेव्हा द्रवात धातूची पूड टाकावी हा विचार फार जुना आहे. पण पूर्वीची पूड जाड. ती तळाशी बसायची, बारीक नळ्या तुंबवायची, पंपाची पाती खरवडायची.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतले स्टीफन चोई यांनी नॅनोमीटर मापाचे कण वापरायची कल्पना मांडली आणि 'नॅनोफ्लुइड' हा शब्द रूढ केला. जपानमध्ये मसुदा आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच अशी मोजणी केली होती. खरी खळबळ उडाली २००१ मध्ये. इथिलीन ग्लायकॉलमध्ये दहा नॅनोमीटरहून लहान तांब्याचे कण, घनफळाने फक्त ०.३ टक्के, आणि वाढ ४० टक्क्यांपर्यंत! मॅक्सवेलच्या हिशेबाने ती एक टक्कासुद्धा व्हायला नको. त्याच वर्षी तेलात एक टक्का कार्बन नॅनोनलिका (कार्बनच्या अतिबारीक पोकळ नळ्या) टाकून दीडशे टक्क्यांहून जास्त वाढ जाहीर झाली. २००३ मध्ये मद्रास आयआयटीच्या सरित दास यांच्या गटाने दाखवलं की तापमान २१ वरून ५१ अंशांवर नेलं की ही वाढ दुप्पट ते चौपट होते. मग जगभर या विषयावर शोधनिबंधांची रांग लागली.

आमची मुलं तेच निबंध वाचून आली होती. २२ टक्के त्यांना थोडेच वाटले असतील.

---

बुटीबोरीचा_भाऊ | ५ मे, दुपारी १:३०

सर, मी इकडं बुटीबोरीले ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं काम करून राहिलो, अठरा वर्षं झाली. मे महिन्यात आमाले जेवाले फुरसत नसते. तेल तापते, इन्सुलेशनचा कागद करपते, अन् माणूस रात्री बारा वाजता फोन करते. मागच्या मैन्यात एक विक्रेता आला होता. बाटली दाखवली, म्हणे यात नॅनो कण हायेत, तेलात टाका, तापमान पंधरा अंशानं उतरते. मी घेतली नाही. पण तवापासून मनात येऊन राहिलं का खरंच असं काही असन तं आपण काहून नाही वापरत? तुमीच सांगा बाप्पा, टाकाव का नाही टाकाव?

---

अणुरेणू | ५ मे, संध्याकाळी ६:४५

भाऊ, तुमच्या प्रश्नाकडे येतो, तो या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. पण आधी ते ४० टक्के कुठून आले असावेत याबद्दल.

पहिलं स्पष्टीकरण सगळ्यांनाच आवडलं होतं: कण द्रवात सतत थरथरत असतात, त्या ब्राउनीय हालचालीने द्रव ढवळला जातो. ऐकायला पटतं. पण हिशेब करून बघा. दहा नॅनोमीटरचा कण पाण्यात ज्या गतीने पसरतो, त्यापेक्षा उष्णता स्वतःच पाण्यातून सुमारे तीन हजार पट वेगाने पसरते. कण एक पाऊल टाकेपर्यंत उष्णता गावाच्या वेशीबाहेर. केब्लिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे मांडलं आणि चार शक्यता तपासल्या: ही हालचाल, कणाभोवती द्रवाचा सुबक रचलेला थर, कणाच्या आतलं उष्णतेचं वेगळ्या तऱ्हेचं वहन आणि कणांच्या गुठळ्या. माझ्या मते शेवटपर्यंत टिकली ती फक्त गुठळ्यांची गोष्ट.

शिवाय एक गोष्ट उलट्या दिशेने काम करते. घन आणि द्रव यांच्या सीमेवर उष्णतेला अडथळा होतो. कापित्झाने तो १९४१ मध्ये द्रव हेलियममध्ये पाहिला. कण जितका लहान, तितकं त्याच्या घनफळाच्या मानाने पृष्ठफळ जास्त आणि हा अडथळाही जास्त. म्हणजे कण बारीक केले की वाहकता वाढतच जाते हे गृहीतकच चुकीचं.

निकाल लागला तो २००९ मध्ये. तीसहून जास्त संस्थांना एकाच बरणीतले नमुने वाटले गेले: अ‍ॅल्युमिना कृत्रिम तेलात, सोन्याचे कण पाण्यात, सिलिका पाण्यात. प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर मोजलं. एमआयटीचे जाकोपो बुओंजोर्नो या खटाटोपाचे सूत्रधार होते. बहुतेकांचे आकडे सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत आले आणि ते मॅक्सवेलच्या, पुढे विस्तारलेल्या, सूत्राशी जुळले. चमत्कार कुठल्याच नमुन्यात सापडला नाही.

उष्णप्रदेशी सर, तुमच्या त्या विद्यार्थिनीने एका सकाळी जे केलं ते हेच. तिला माझा नमस्कार सांगा.

---

मुळाकाठ | ५ मे, रात्री ९:१०

जरा थांबा. मी पुण्यात याच विषयावर पीएच.डी. केली. माझ्या कॉपर ऑक्साइडच्या नमुन्यात एक टक्क्याला नऊ टक्के वाढ होती आणि मी साधं पाणी रोज मोजत होतो, वाहकता आधीच माहीत असलेल्या ग्लिसरीनवरही तार तपासत होतो. मॅक्सवेलच्या वर काहीच जात नाही असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. चार वर्षं घालवली आहेत मी त्यात.

---

अणुरेणू | ५ मे, रात्री १०:००

मुळाकाठ, तुमचे नऊ टक्के मी खोटे म्हणणार नाही. मॅक्सवेलचं सूत्र एकमेकांपासून सुट्या, नीट विखुरलेल्या गोल कणांसाठी आहे. कण साखळीसारखे एकमेकांना चिकटले तर उष्णतेला त्या साखळीवरून रस्ता मिळतो आणि वाढ तिप्पटीच्या वर जाते. हॅशिन आणि श्ट्रिकमन यांनी १९६२ मध्ये काढलेली मिश्रणाच्या वाहकतेची वरची मर्यादा बरीच उंच आहे, तुमचा आकडा तिच्या आत आरामात बसतो. आक्षेप आहे तो फक्त नवीन भौतिकशास्त्र सापडलं या दाव्याला.

एक विचारतो: तो नमुना किती दिवस टिकला?

---

मुळाकाठ | ५ मे, रात्री १०:२५

तीन दिवस. चौथ्या दिवशी वर स्वच्छ पाण्याचा बोटभर थर. गुठळ्या होत्या, हे मान्य. प्रबंधात मी तसं लिहिलंही आहे, पण एका परिच्छेदात. आज लिहिला असता तर तेच मुख्य प्रकरण केलं असतं.

---

शाईदौत | ६ मे, सकाळी ९:३०

माझा विषय जुन्या पोथ्या. पण हे वाचताना सारखं वाटत होतं की हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. पोथीची काळी शाई म्हणजे दुसरं काय? दिव्याचं काजळ धरायचं, त्यात बाभळीचा डिंक घालायचा आणि खलात घोटत बसायचं, दिवसच्या दिवस. घोटण्यात कसूर झाली तर शाई दौतीत फाटते: खाली काळा गाळ, वर पिवळट पाणी. नीट घोटलेली शाई मात्र टिकते. काजळाचे कणही नॅनोमीटरमध्येच मोजायचे असतात ना?

---

उष्णप्रदेशी | ६ मे, दुपारी ३:५०

शाईदौत, अगदी बरोबर. काजळाचा मूळ कण काही दशक नॅनोमीटरचाच असतो. आणि कार्बन नॅनोनलिका पाण्यात टिकवायला आजही प्रयोगशाळेत बाभूळवर्गाचाच डिंक वापरतात. डिंकाचे लांब रेणू कणाला वेढून बसतात आणि दोन कणांना जवळ येऊ देत नाहीत. उद्या वर्गात तुमच्या दौतीपासूनच सुरुवात करतो.

फाटण्याचा हिशेब मी मुलांकडून करून घेतला. ५० नॅनोमीटरचा सुटा अ‍ॅल्युमिना कण पाण्यात दिवसाला मिलिमीटरच्या एक तृतीयांशाइतका खाली जातो. म्हणजे बसतच नाही म्हटलं तरी चालेल. पण बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कण चिकटून एक मायक्रॉनची (हजार नॅनोमीटरची) भरीव गुठळी झाली की तोच वेग चारशे पट: तासाला साडेपाच मिलिमीटर, दिवसाला वीतभर नाही तरी तेरा सेंटिमीटर. बाटली एका रात्रीत निवळली तर समजावं की आत नॅनो काही उरलेलं नाही.

आमची पहिली बाटली अशीच निवळली होती. दुधासारखा पांढरा द्रव रात्री कपाटात ठेवला, सकाळी तळाशी भिजल्या रव्यासारखा थर. कारण विचारलं तर कळलं की डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून एकाने बोअरचं पाणी घातलं होतं. आमच्याकडचं बोअर किती जड ते भांड्यांवरच्या पांढऱ्या डागांवरून नागपूरकरांना ठाऊक आहेच. कणांवरचा विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तो भार झाकून टाकतं आणि कण चिकटतात.

---

सूक्ष्मदृष्टी | ६ मे, संध्याकाळी ५:२०

एक टक्का वजनाने की घनफळाने, हे प्रत्येक निबंधात आधी बघा. अ‍ॅल्युमिना पाण्याच्या जवळजवळ चौपट जड. घनफळाने एक टक्का म्हणजे लिटरला ३९ ग्रॅम पूड. कुणी वजनाने एक टक्का घेतला असेल तर घनफळाने तो पाव टक्काच भरतो आणि अपेक्षित वाढ एक टक्क्याच्याही खाली येते. ती मोजायला तुमचं यंत्र त्याहून अचूक हवं. अनेक निबंधांत यंत्राची चूकच पाच टक्क्यांची असते.

आणि पूड तोलताना तोंडाला मास्क, कूलर-पंखा बंद, हे मुलांना बजावून सांगा. कोरडी नॅनोपूड हवेत उडाली की थेट फुप्फुसात खोलवर जाते. पाण्यात भिजली की मग भीती कमी.

---

कंडेन्सरवाले_काका | ६ मे, रात्री ८:४०

मी एका औष्णिक वीज केंद्रात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच कंडेन्सरवर, म्हणजे टर्बाइनमधून आलेली वाफ निववून तिचं पाणी करणाऱ्या यंत्रावर. वाहकता वाढली म्हणजे उष्णता जास्त निघाली, असं समजू नका. पूड टाकली की द्रव दाट होतो. आइनस्टाइनच्या सूत्राने एक टक्का सुट्या गोळ्यांना अडीच टक्के दाटपणा वाढतो, आणि गुठळ्या असल्या तर त्याच्या कितीतरी पुढे. म्हणजे ज्या साखळ्यांनी वाहकता वाढते त्याच पंपाला जड जातात. संथ वाहणाऱ्या द्रवासाठी एक ढोबळ नियम २००६ मध्ये प्रशेर आणि सहकाऱ्यांनी दिला आहे: दाटपणातली वाढ वाहकतेतल्या वाढीच्या चौपटीहून जास्त असेल तर साधा द्रवच बरा. शिवाय पाण्याची विशिष्ट उष्णता (एक किलो एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) ४.१८ किलोज्यूल, अ‍ॅल्युमिनाची त्याच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली. एक टक्का पुडीने मिश्रणाची तीन टक्के घटते.

आमच्या नळ्यांत पाण्याचा क्षार बसला की वाफ नीट निवायची नाही आणि कंडेन्सरमधला निर्वात कमी व्हायचा. नळ्या घासून काढल्या की दुसऱ्या पाळीला तो परत जागेवर आलेला दिसायचा. मला तरी घासणीसारखं औषध दुसरं दिसलं नाही.

---

अणुरेणू | ६ मे, रात्री ९:१५

काका, एक छोटी दुरुस्ती. तीन टक्के घट ही दर किलोला. मिश्रण तेवढंच जडही होतं, म्हणून दर लिटरला फरक जेमतेम काही दशांश टक्के पडतो. पंप लिटरवर चालतो. बाकी दाटपणाबद्दल शंभर टक्के सहमत.

आता बुटीबोरीच्या भाऊंसाठी. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल स्वतःच तापून वर चढतं आणि रेडिएटरमधून निवून खाली येतं. त्याला पंप नाही, सगळा जोर त्या तापलेल्या तेलाच्या हलकेपणाचा. ते दाट झालं की फिरणं मंदावतं. दुसरं, तेलातून पत्र्यापर्यंत उष्णता तुलनेने सहज पोचते, खरा अडथळा पत्र्यापासून हवेपर्यंत. म्हणून तर बाहेर पंखे आणि पाकळ्या असतात. गाडीच्या रेडिएटरचंही तेच. तेलाची वाहकता तीन टक्क्यांनी वाढवून तो अडथळा तसूभर हलत नाही. आणि तिसरं तुम्ही माझ्याहून जास्त जाणता: तेलाचं पहिलं काम वीज अडवणं. त्यात कशाचे कण आहेत, गुठळ्या किती, ओलावा किती, हे न तपासता बाटली ओतली तर वाइंडिंगच जायची. ठरावीक कणांचा इन्सुलेशनसाठी अभ्यास जगात चालू आहे, पण तो वेगळा विषय. पंधरा अंशांचा दावा करणाऱ्याला मोजणीचा कागद मागा: कुठल्या तापमानाला, कुठल्या भाराला आणि शेजारी साध्या तेलाचा ट्रान्सफॉर्मर होता का?

---

बुटीबोरीचा_भाऊ | ६ मे, रात्री १०:३०

समजलं सर. हवेच्या बाजूचं तुमी बोलले ते डोळ्यानं पाह्यलं हाय. या दिवसात सावरीचा कापूस उडते, तो रेडिएटरच्या पाकळ्याइत जाऊन बसते, वरून धूळ. मागच्या आठवड्यात एका राइस मिलचा पाचशे केव्हीएचा धुतला. आधी तेल ८८ दाखवून राहिलं होतं, धुतल्यावर तेवढ्याच लोडवर ७९. अन् त्याच्या ब्रीदरची, म्हणजे आत जाणाऱ्या हवेतला ओलावा शोषणारी, सिलिका ओली होऊन पार गुलाबी झालती, तेही बदललं. बाटलीवाला आला तं आता कागद मागतो.

---

वैनगंगा | ७ मे, सकाळी ८:००

मग हे नॅनोद्रव कुठेच कामाचे नाहीत का? एवढी वर्षं लोकांनी घातली.

---

मुळाकाठ | ७ मे, सकाळी ११:४५

आहेत ताई, फक्त जिथे सगळे शोधत होते तिथे नाहीत. उकळत्या पाण्याचं उदाहरण घ्या. तापलेल्या पृष्ठभागावरून पाणी किती उष्णता उचलू शकतं याला एक कमाल मर्यादा असते. त्यापुढे वाफेचा पडदा तयार होतो आणि पृष्ठभाग जळतो. २००३ मध्ये आढळलं की पाण्यात अगदी नगण्य अ‍ॅल्युमिना टाकला तरी ही मर्यादा सुमारे दोनशे टक्क्यांनी वर जाते, जवळजवळ तिप्पट. वाहकता मात्र जागच्या जागी. नंतर कळलं की उकळताना कण पृष्ठभागावर बसून सच्छिद्र थर तयार करतात, तो पाणी धरून ठेवतो. म्हणजे पूड पाण्यात असण्यापेक्षा तव्यावर बसल्याचा फायदा. चुंबकीय कणांचे द्रव लाउडस्पीकरच्या कॉइलभोवती उष्णता काढायला कित्येक वर्षं वापरात आहेत. तिथे चुंबकच त्यांना जागेवर धरून ठेवतो. आणि काळे कण सूर्यप्रकाश थेट द्रवातच शोषतात, त्यावर सौरतापकांसाठी काम चालू आहे. नागपूरच्या उन्हाला तर तेच साजेल.

---

उष्णप्रदेशी | १३ मे, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवड्यातलं काम सांगतो.

मुलांनी तीन बाटल्या नव्याने भरल्या. एक बोअरच्या पाण्याची, एक नुसत्या डिस्टिल्डची, एक डिस्टिल्डमध्ये आम्लाचे थेंब टाकून सामू (pH) ४ वर आणलेली. अ‍ॅल्युमिनाचा भार सामू ९ च्या आसपास शून्य होतो, त्यापासून जितकं लांब जावं तितके कण एकमेकांना ढकलतात. गुठळ्या फोडायला ध्वनिलहरींच्या यंत्राखाली दोन-दोन तास धरल्या. यंत्र पाणी तापवतं, म्हणून इतवारीतून बर्फाची लादी आणून बाटल्या त्यात रोवल्या.

बोअरची पहिल्याच रात्री निवळली. दुसरी चार दिवस टिकली. आम्लाची आज सातव्या दिवशीही वरपासून खालपर्यंत पांढरी आहे. आज सकाळी सहाला तिची वाहकता मोजली: पाण्यापेक्षा २.८ टक्के जास्त. हलवून, ठेवून, परत हलवून मोजली तरी तेवढीच.

अहवालाचं शीर्षक मुलांनी स्वतः बदललं. त्यात '२२ टक्के' आहेत, पण ते आता दुसऱ्या प्रकरणात, वाकलेल्या रेषेच्या आलेखासकट. गुरुवारी तार ग्लिसरीनवर तपासायची आहे आणि मग दाटपणा मोजायला घेणार. काका, तेव्हा तुम्ही प्रयोगशाळेत याल का? सकाळी सहा वाजता, चहा आमच्याकडे.

---

कंडेन्सरवाले_काका | १३ मे, रात्री ९:२०

येतो. पावणेसहालाच येतो.